कातणारीची अविवाहिता कशी झाली?

नोहा वेबस्टर यांचा इंग्रजी कोश १८२८ साली अमेरिकेत निघाला आणि पुढे तिथे वेबस्टर म्हणजेच डिक्शनरी होऊन बसली. या भारदस्त गृहस्थांच्या आडनावाचा मूळ अर्थ मात्र 'विणणारी बाई' असा आहे. जुन्या इंग्रजीत 'एस्त्रे' (पुढचा 'स्टर') हा प्रत्यय काम करणाऱ्या बाईच्या नावाला लागे, आपल्या माळीण-परटिणीसारखा. पण माळीण नुसती माळ्याची बायकोही असू शकते. एस्त्रेवालीला स्वतः काम करावं लागे. बॅक्स्टर पाव भाजायची, टॅपस्टर पिंपातून दारू ओतून द्यायची. पुढे उत्तर इंग्लंडात पुरुषही तोच प्रत्यय मिरवू लागले, तेव्हा प्रत्येक वेबस्टरच्या मुळाशी आजीच असेल असं नाही. (मास्टर, मिनिस्टर, रजिस्टर ही मंडळी लॅटिन घराण्यातली. त्यांना आज बोलावलेलं नाही.)

या सगळ्यांत माझी आवडती ब्रूस्टर, म्हणजे दारू बनवणारी. इंग्रज कवी लँगलंडच्या चौदाव्या शतकातल्या काव्यात खादाड ग्लटन पापाची कबुली द्यायला चर्चकडे निघतो. वाटेत बेटन नावाची ब्रूस्टर त्याला हाक मारते. तो विचारतो, काही गरम मसाला आहे का? मिरी आहे, लसूण आहे, बडीशेप आहे, ती म्हणते. झालं, चर्च राहिलं बाजूला! त्या काळी एल, म्हणजे धान्याची दारू, घरोघरी बने. धान्याला मोड आणायचे, ते वाळवून गरम पाण्यात भिजवायचे, गाळलेला अर्क आंबवायचा. ही एल चार-सहा दिवसांत आंबटढाण होई. म्हणून घरापुरती ठेवून उरलेली शेजाऱ्यांना विकायची आणि दारावर काठी टांगायची, म्हणजे गावाला कळे. मग हॉलंड-फ्लँडर्सकडून हॉप्सची कडू फुलं घातलेली बिअर आली. ती टिकाऊ, लांबवर नेता येणारी. मोठी पिंपं, भांडवल, सरपण, उधारीचे करार हे सारं आलं, आणि लग्न झालेल्या बाईच्या करारालाच कायद्यात किंमत नव्हती. धंदा हळूहळू पुरुषांकडे गेला.

कामं गेली तसा प्रत्ययाचा बाईपणाही गेला. इतका, की शिवणकाम करणाऱ्या 'सीमस्टर'ला पुन्हा बाई करण्यासाठी फ्रेंच शेपूट जोडून 'सीमस्ट्रेस' करावं लागलं. सोळाव्या शतकापासून तर 'स्टर'लाच तुच्छतेचा वास येऊ लागला. गेमस्टर जुगारी, राइमस्टर भिकार कवी, ट्रिकस्टर ठक. गँगस्टर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जन्मला आणि आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला सख्ख्या भावासारखा जवळ केला.

राहिली स्पिनस्टर. सूत कातणारी. चाती गरगर फिरवत ती लोकर कातायची, आणि एका विणकराचा माग चालता ठेवायला अशा अनेकजणी लागत. एकट्या बाईच्या पोटापाण्याचं हे नेहमीचं काम. सतराव्या शतकात कायद्याच्या कागदांवर तोच शब्द अविवाहितेसाठी रूढ झाला. मग वय उलटलेली, कुरकुरणारी बाई असा कुत्सित रंगही त्याला चढला. पुरुषाला लागणाऱ्या 'बॅचलर'ला तो कधी चढला नाही, हे मला निव्वळ लबाडीचं वाटतं.

इंग्लंड-वेल्समधल्या विवाहनोंदीत हा शब्द २००५ पर्यंत टिकला. नंतर दोघांसाठीही 'सिंगल' आलं. एकोणिसाव्या शतकातली नोंदवही उघडून पाहा. वधूच्या वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'स्पिनस्टर' लिहिलेलं असतं. त्याला लागूनच व्यवसायाचा रकाना. वधूपुढे तो बहुतेकदा कोराच असतो.