कांचेच्या पेटींतील ओलावा



इ. स. १८२९ मध्यें लंडनमधील एक डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनीं पतंगाचा एक कोश ओलसर मातींत ठेवला आणि त्या कांचेच्या बरणीचें तोंड झांकून टाकलें. कोशांतून पतंग कसा बाहेर पडतो, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. परंतु शहराच्या धुरामुळें ज्यांच्या बागेंत नेचे तग धरीत नसत, त्याच डॉक्टरांच्या बरणींत एक नेचा आणि थोडें गवत आपोआप उगवलें. दिवसा मातींतील पाण्याची वाफ होई, ती कांचेवर जमे व ओघळून पुन्हां मातींत उतरे. ह्या निरीक्षणांतून वॉर्डची पेटी जन्मास आली. पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनमधील चहाचीं रोपें अशाच पेट्यांतून हिंदुस्थानांत पाठविलीं.

आज युरोप-अमेरिकेंतील पुष्कळ घरांत अशाच तऱ्हेची पेटी दिसते. मात्र तींत झाडांबरोबर एक प्राणीहि असतो. प्रशांत महासागरांतील न्यू कॅलेडोनिया बेटांवरील क्रेस्टेड गेको ही पाल त्यांपैकीं एक. ती नामशेष झाली असेंच समजत होते. १९९४ सालीं ती पुन्हां आढळली. आपल्या भिंतीवरील पालीचें शेंपूट तुटलें तरी पुन्हां येतें, हिचें मात्र येत नाहीं. पानांवरचे थेंब चाटून ती पाणी पिते व वेळोवेळीं कात टाकते. हवा कोरडी असेल तर कात सुटी न होतां बोटांभोंवतीं दोऱ्यासारखी आवळून राहते, रक्त पोंचेनासें होतें, आणि अखेर बोट गळून पडतें. पेटींतील ओलावा ही शोभेची बाब नव्हे, ती अशी.

मग पाणी सतत शिंपडावें काय? येथेंच बहुतेकांची चूक होते. हवा दमट असणें निराळें आणि जागा चिंब असणें निराळें. ह्या पालीस रात्रीं सुमारें ८० टक्के आर्द्रता मानवते. दिवसा ती ५०-६० टक्क्यांपर्यंत उतरूं द्यावी लागते. कांच अष्टौप्रहर ओली राहिली तर त्वचेचे रोग जडतात आणि बुरशी माजते. संध्याकाळीं चांगलें शिंपडावें व दिवसा सुकूं द्यावें, हा क्रम बरा.

टक्के हा शब्दहि नीट समजून घ्यावयास हवा. २० अंश सेंटिग्रेडला एक घनमीटर हवेंत सुमारें १७ ग्रॅम वाफ मावते, तर २५ अंशांला २३ ग्रॅम. म्हणून २० अंशांची ८० टक्के दमट हवा नुसती २५ अंशांपर्यंत तापविली, तर एक थेंबहि न हरवतां ती ६० टक्क्यांवर येते. दिवा लावतांच कांटा खालीं आला म्हणून घाबरून पाणी ओतणारा मनुष्य ह्या हिशेबाला विसरलेला असतो.

कांटाहि नेहमीं खरें सांगतो असें नाहीं. त्याची परीक्षा स्वयंपाकघरांतल्या मिठानें होते. मिठाचा ओला लगदा वाटींत घेऊन, तो व आर्द्रतामापक एका घट्ट डब्यांत दिवसभर ठेवावा. आंतील हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. कांटा कमीजास्त दाखवील तितकी त्याची चूक. मुंबईच्या पावसाळ्यांत बरणींतल्या मिठाला पाणी सुटतें तेंहि ह्याच आंकड्यामुळें!

आतां तळाविषयीं. सर्वांत खालीं भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या, त्यांवर जाळी, जाळीवर नारळाचा भुसा, माती व वाळू यांचें चार बोटें मिश्रण, आणि वर वाळक्या पानांचा थर. जास्तीचें पाणी गोळ्यांत उतरतें. मात्र तें जाळीपर्यंत चढूं देऊं नये. माती गुदमरते व कुजक्या अंड्यासारखी घाण सुटते. नाक हें येथें कोणत्याहि यंत्राहून भरंवशाचें.

पानांखालीं खरे कामकरी राहतात: टुणकन् उडणारे पांढरे स्प्रिंगटेल आणि ओल्या लांकडाखालीं सांपडणारे आयसोपॉड. पहिले बुरशी खातात, दुसरे विष्ठा व कुजकीं पानें. आयसोपॉड हे खेंकड्यांचे नातलग असून कल्ल्यांसारख्या अवयवांनीं श्वास घेतात. त्यामुळें कोरडेपणानें पालीच्या आधीं तेच मरतात, आणि ते मेले कीं पेटीची सफाई थांबते. ह्यासाठीं पेटीचा एक कोपरा, शेवाळ घालून, नेहमीं ओलसर ठेवतात व दुसरी बाजू कोरडी सोडतात. पाल काय अथवा किडा काय, आपल्याला हवी ती जागा स्वतः निवडतो. मालकाच्या अंदाजापेक्षां ही निवड पुष्कळदां अचूक ठरते.

वरचें झांकण सगळें जाळीचें असल्यास ओल उडून जाते. त्याचा अर्धा भाग कांचेनें झांकला कीं बहुधा भागतें. पूर्ण झांकूं मात्र नये. वॉर्डच्या बरणींत नेचा होता. येथें एक जीव श्वास घेत आहे.