एफिशियन्सी ७५ की ६३?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेल आला. "दादा, दर वेळी पाच किलो पेल माल्ट घेतो, पण एफिशियन्सी ६३ टक्क्यांवरच अडकते. नवी गिरणी घेऊ का?" तोही माझ्यासारखा इंग्लंडमध्येच राहतो. इथे १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा तिकडच्या मंडळींनी आज फक्त ऐकायचं!

तर मित्रा, गिरणी घेऊ नकोस. निदान आत्ता तरी नको.

साखर कारखान्याचा उतारा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. एफिशियन्सी म्हणजे तसंच काहीसं. फरक एवढाच की उतारा उसाच्या वजनावर काढतात आणि आपण विचारतो, माल्टमधून जेवढं निघू शकतं त्यातलं किती निघालं? चांगल्या पेल माल्टचा एक किलो जास्तीत जास्त साधारण ३०० पॉइंट देतो. पाच किलोचे झाले १५००. ग्रॅव्हिटी १.०४० असेल तर ४० पॉइंट, आणि त्याला लिटरने गुणायचं.

आता तू पाठवलेले आकडे बघू. उकळण्याआधी २८ लिटर, १.०४०. म्हणजे ११२०. भागिले १५००, झाले ७५ टक्के! ही मॅशची एफिशियन्सी, आणि ती छान आहे. उकळल्यावर पाणी उडतं, साखर उडत नाही. म्हणून २४ लिटर उरले तेव्हा ग्रॅव्हिटी १.०४७ झाली, गुणाकार जवळपास तोच. पण फर्मेंटरमध्ये गेले २० लिटर. चार लिटर हॉप्सच्या गाळासकट भांड्यातच राहिले. २० गुणिले ४७, ९४०. हे तुझे ६३ टक्के. माल्ट नीट भरडलं गेलंय, मॅशही झालाय. गळती तळाशी आहे. हॉप्स पिशवीत घाल, भांडं जरा कलतं कर, बघ काय होतं ते.

अर्थात हे सगळं मोजमाप बरोबर असेल तरच. इथेच लोक जास्त फसतात. स्पार्ज केल्यावर पहिला दाट वॉर्ट खाली बसतो आणि शेवटचा पातळ वर तरंगतो. वरून नमुना घेतला तर आकडा कमी, नळातून घेतला तर जास्त. आधी खालपर्यंत ढवळा. आणि हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी बनवलेला असतो (जुने १५.५ चेही मिळतात, आतला कागद वाचा). ६५ अंशांच्या वॉर्टमध्ये तो सोडला तर पंधरा-वीस पॉइंट कमी दाखवेल. दुरुस्तीचे तक्ते असतात, पण इतक्या गरम वॉर्टसाठी माझा त्यांच्यावर विश्वास नाही. नमुना गार करा, दहा मिनिटं जातात. लिटरचंही तसंच: उकळता वॉर्ट गार होताना सुमारे ४ टक्के आकसतो. २५ लिटर मोजलेत तर ते खरे २४.

रिफ्रॅक्टोमीटर वाईट नाही, दोन थेंबांत काम होतं. पण फर्मेंटेशन सुरू झाल्यावर त्यातलं अल्कोहोल आकडा फुगवतं. बिअर १.०११ ला उतरलेली असते आणि यंत्र सांगतं अजून बरीच साखर बाकी आहे. उलट, अंदाजावर बाटल्या भरल्या आणि साखर खरंच बाकी असली, तर बाटली फुटते, काचा उडतात. म्हणून बाटलीत भरण्याआधी हायड्रोमीटरच, दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा, आकडा तोच यायला हवा.

माझं मत विचाराल तर ८५ च्या मागे लागू नका. दर वेळी ६५ आले तरी पुढच्या वेळी माल्ट किती घ्यायचं ते कळतं. एकदा ६० आणि एकदा ८० आले तर रेसिपीला काही अर्थच राहत नाही. अर्धा किलो माल्ट जास्त लागलं तर लागलं.

पुढच्या वेळी मॅशचं पाणी आणि पीएच. प्रश्न पाठवताना लिटर, तापमान आणि नमुना कुठून घेतला, तेवढं नक्की लिहा. भेटू.