हायब्रिड गाडीचा गर्दीतला हिशेब

मराठी घरात नवी गाडी आली की पेढा तोंडात टाकता टाकता पाहुणा विचारतोच, "ॲव्हरेज किती?" उत्तरही ठरलेलं असतं: गावात बारा, हायवेला सतरा. पेट्रोल गाडीचा हा जुना नियम हायब्रिड गाडीनं उलटा केला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०१६ च्या टोयोटा प्रियसला शहरात गॅलनमागे ५४ मैल आणि महामार्गावर ५० मैल असे आकडे दिले. आपल्या मापात लिटरला सुमारे २३ आणि २१ किलोमीटर. गर्दीत जास्त, मोकळ्या रस्त्यावर कमी!

प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आली. ताकेशी उचियामादा हे तिचे मुख्य अभियंता. पेट्रोल इंजिन जोरात काम करतं तेव्हा इंधनाचं चीज करतं आणि रेंगाळतं तेव्हा ते वाया घालवतं, या दुखण्यावर त्यांच्या चमूनं इलाज शोधला. इंजिनाला परवडत नाही अशा वेळी ते सरळ बंद करायचं आणि चाकं विजेच्या मोटरवर सोपवायची. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ही सोय २०२२ पासून बऱ्यापैकी दिसू लागली. होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा त्याच वर्षी आल्या. 'माइल्ड हायब्रिड' गाड्या या गोष्टीत धरू नयेत. त्यांची छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटीनं गाडी चालवत नाही.

आता हायब्रिड मालकांच्या एका लाडक्या समजुतीकडे वळू. डॅशबोर्डवर 'ईव्ही', म्हणजे फक्त विजेवर, असं हिरवं अक्षर उमटलं की पेट्रोल वाचलं, असं त्यांना वाटतं. मग ते अक्षर विझू नये म्हणून गाडी बैलगाडीच्या चालीनं हाकली जाते, मागचे हॉर्न वाजवून थकतात, आणि महिनाअखेरीला ॲव्हरेज मात्र वाढलेलं नसतं.

कारण बॅटरी फार लहान आहे. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या बॅटरीत ०.७६ किलोवॅट-तास वीज मावते. महावितरणच्या बिलातलं एक युनिटसुद्धा नाही! त्यातलाही मधलाच भाग वापरला जातो. बॅटरी टिकावी म्हणून गाडी तिला पूर्ण भरूही देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. शिवाय या गाडीला चार्जिंगची पिन नाही. ब्रेक लावताना परत मिळते तेवढी सोडली तर बॅटरीतली सगळी वीज पेट्रोल जाळूनच आलेली असते, आणि इंजिन ते जनित्र, जनित्र ते बॅटरी, बॅटरी ते मोटर या प्रवासात तिला गळती लागते. ईव्हीचं बटण दाबून बॅटरी तळाला नेली, की पुढच्या सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन केवळ चार्जिंगसाठी सुरू होतं. वाचवलेलं पेट्रोल तिथं व्याजासकट वसूल होतं.

मग करायचं काय? बंपरला बंपर लागलेल्या रांगेत मोटरवर सरकणं ठीकच आहे, ते गाडी आपणहून करते. पुढे रस्ता मोकळा झाला की मात्र इंजिनाला येऊ द्यावं. टोयोटाच्या मीटरवर चार्ज, इको आणि पॉवर असे पट्टे असतात. काटा इकोच्या वरच्या टोकाशी ठेवून ४०-५० चा वेग चटकन गाठावा आणि पाय उचलावा. इंजिन बंद होतं, गाडी वाहत राहते. पाय अगदी हलका टेकवला तर बॅटरी फारशी भरतही नाही आणि फारशी रिकामीही होत नाही. ऊर्जेचं रूपांतरच कमी होतं, म्हणून गळतीही कमी. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ऑगस्ट २००५ मध्ये काही हौशी चालकांनी याच 'पळवा आणि वाहू द्या' तंत्रानं दुसऱ्या पिढीची प्रियस एका टाकीत १,३९७ मैल नेली. लिटरला ४६ किलोमीटरांहून जास्त! त्या प्रियसचं इंजिन ताशी ६७ किलोमीटरच्या वर फिरायचं थांबत नसे, म्हणून सगळी करामत त्याखालच्या वेगातली. अर्थात तो विक्रमासाठीचा खटाटोप होता. आपल्याकडे सकाळी दहाला पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर मागच्याचा जीव टांगणीला लावून तो करू नये.

ब्रेकचंही असंच. माणसांसह चौदाशे किलोंची गाडी ५० च्या वेगात असते तेव्हा तिच्यात सुमारे ०.०४ युनिट गतिज ऊर्जा असते; २५ च्या वेगात त्याच्या एक चतुर्थांश. लांबूनच लाल दिवा दिसला तर आधी पाय उचलावा आणि मग सावकाश ब्रेक दाबावा, म्हणजे मोटरच जनित्र होऊन काम भागवते. करकचून दाबला की नेहमीचे ब्रेक पकडतात आणि ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. सिग्नलला गिअर 'एन'मध्ये टाकायची सवयही सोडावी; त्यात बॅटरी चार्जच होत नाही. टायरमधली हवाही बघत राहावी, कारण कमी वेगात वाऱ्याचा अडथळा किरकोळ असतो आणि चाकांचं घर्षण मोठं.

पण मंद वाहतुकीतला खरा चोर वेगळाच आहे, आणि तो म्हणजे वेळ. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत मंद शहरांत चौथं होतं: १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं. मे महिन्यात एसी दीड किलोवॅट खात असेल, तर तेवढ्या वेळात तो ०.८ युनिटाहून जास्त वीज पितो. अख्खी बॅटरी संपवून वर थोडी! एक लिटर पेट्रोलमधून गाडीला अंदाजे तीन युनिट वीज काढता येते असं धरलं, तर १० किलोमीटरला पाव लिटर पेट्रोल नुसत्या गारव्याला गेलं. तेच अंतर ६० च्या वेगानं कापलं तर पाव युनिट वीज पुरते. गाड्यांचं प्रमाणित मायलेज मात्र प्रयोगशाळेत, रोलरवर आणि एसी बंद ठेवून मोजलेलं असतं. ग्रँड व्हिटाराचा जाहिरातीतला २७.९७ चा आकडा त्यातून येतो. पण म्हणून उन्हाळ्यात एसी बंद करा, असं कोणी सांगू नये. घरचे ऐकणारही नाहीत. गाडी सावलीत लावावी, निघताना काचा उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर घालवावी, आतलीच हवा फिरती ठेवावी आणि तापमान २५ च्या खाली नेऊ नये. ईव्हीच्या बटणापेक्षा याचा उपयोग जास्त.

दुसरा चोर म्हणजे थंड इंजिन. इंजिन आणि धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत गाडी इंजिन बंद करायला फारशी तयार नसते. या पहिल्या काही मिनिटांची किंमत टोयोटाला इतकी जाणवली, की अमेरिकेतल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये इंजिनाचं गरम पाणी साठवायला चक्क थर्मास बसवला होता. पाणी त्यात तीन दिवसांपर्यंत गरम राही. आपल्याकडे थंडी बेताची, तरी सकाळी दूध, अकराला बँक आणि संध्याकाळी क्लास अशा तीन सुट्या फेऱ्यांपेक्षा एकाच फेरीत दोन कामं उरकलेली बरी. दूध तर चालतही आणता येतं.

तेव्हा हायब्रिडवाल्यांनी पुढची एक टाकी ईव्हीच्या बटणाला हात न लावता चालवून पाहावी. हिशेब मात्र पंपावरच्या पावत्यांवरून करावा. गाडीच्या पडद्यावरचं ॲव्हरेज बहुतेक वेळा जरा उदारच असतं.