काडतुसाचा सरळपणा मोजायचा कशाने?

२०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळे यांनी पन्नास मीटर रायफल नेमबाजीत ब्राँझपदक मिळवले आणि आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा नेमबाजीच्या गोष्टी निघू लागल्या. त्या स्पर्धेतले .२२ चे काडतूस कारखान्यातून येते तसेच वापरायचे असते. अमेरिकेत मात्र मोठ्या रायफलीची उडवलेली पितळी पुंगळी घ्यायची, ती साच्यात पुन्हा घडवायची आणि नवी टोपी, दारू व गोळी बसवून काडतूस घरीच तयार करायचे, असा नाद पुष्कळांना आहे. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसे बनवायला परवाना लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.)

टेक्सासला राहणाऱ्या माझ्या पुतण्याला हा नाद लागला. एके रात्री त्याचा फोन आला, "काका, साठ काडतुसं केली, त्यांतली तेवीस वाकडी निघाली. माझा हात वाईट की हे मोजायचं यंत्र वाईट?" मी जन्मभर लेथशी उभा राहिलेला माणूस. बंदूक मला कळत नाही. पण वाकडेपणा कळतो.

गोळी पुंगळीच्या मानेत किंचित तिरकी बसली, तर नळीतही तिरकी शिरण्याचा संभव असतो. मग बाहेर पडल्यावर ती कच्च्या भोवऱ्यासारखी डुलते. फ्रँकलिन मान नावाच्या एका अमेरिकन डॉक्टराने गोळ्यांना मुद्दाम इजा करून त्या कशा भरकटतात हे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९०९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. हा तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही. काडतूस फिरवताना डायल ०.००३ इंचाच्या आत राहिला, की बरेच नेमबाज समाधान मानतात. काटा दाखवतो तो आकडा दुप्पट असतो, बरं का. काटा चार घरे फिरला, तर गोळीचा मध्य दोनच घरे सरकलेला असतो.

तेव्हा डायल कोणता घ्यावा? तीन घरांचा निवाडा करायचा, तर एकेका घराचा डायल मोटा पडतो. अर्ध्या घराचा, म्हणजे ०.०००५ इंचाचा, बरा. आपल्या वर्कशॉपमध्ये ०.०१ मिलिमीटरचा डायल असतो, तोही याच पट्टीचा. त्याची स्प्रिंग हलकी असावी आणि दांडा काडतुसाला काटकोनात टेकावा. डायलचे एवढेच. लोक सारे पैसे त्यावरच घालतात आणि काडतूस ज्यावर फिरते तिकडे बघतही नाहीत. खरी गोम तिथे आहे.

पुतण्याचे यंत्र काडतुसाला दोन टोकांत धरणारे होते, एकीकडे बूड, दुसरीकडे गोळीचे अणकुचीदार टोक. लेथवर दोन सेंटरांत दांडा धरतात तसे. पण सेंटरचे भोकच वाकडे असले, तर चांगला दांडाही नाचतो, हे कोणताही टर्नर सांगेल. गोळीचे टोक कधी शिशाचे मऊ, कधी पोकळ. आणि जी गोळी तिरकी आहे की नाही ते पाहायचे, तिचाच आधार घेतलेला! चोरालाच साक्षीला उभे करण्यातला प्रकार. त्याऐवजी पुंगळीचे अंग दोन जागी, बुडाजवळ आणि खांद्याजवळ, पोलादी गोट्यांवर किंवा व्ही-ब्लॉकवर टेकावे, बुडाला एक अडसर असावा, आणि डायल मानेच्या किंचित पुढे गोळीवर लावून काडतूस बोटाने हळू फिरवावे. टोकाकडे सरकाल तसा आकडा वाढत जातो, म्हणून जागा ठरलेली हवी. अडसर टोपीवर टेकणारा मुळीच नको. यंत्र जुळवताना तर दारू-टोपी नसलेले नकली काडतूसच घ्यावे.

काही यंत्रांत वाकडी गोळी दाबून सरळ करायचा स्क्रूही असतो. मला तो आवडत नाही. त्याने मानेची पकड सैल पडते आणि दोष कुठून आला ते झाकले जाते.

मी पुतण्याला म्हटले, एका काडतुसावर शाईची खूण कर आणि तेच दहा वेळा काढून-घालून मोज. आकडे दोनापासून सहापर्यंत आले. मग त्याने गोट्यांवरचे यंत्र आणले. त्यावर तेच काडतूस दहाही वेळा तीनाच्या आसपास राहिले. तेवीसांतली नऊच वाकडी उरली.

ती नऊ कुठे बिघडली, हे पाहायला मी त्याला पुढच्या खेपेस गोळी बसवण्याआधी रिकाम्या पुंगळ्यांच्या माना मोजायला सांगितले. साच्यात मान आधी आवळली जाते, मग आतून एक पोलादी बोंडूक ओढून ती पुन्हा रुंदावते. साच्यातून निघालेल्या काही माना तिथेच वाकलेल्या होत्या, म्हणजे गोळी बसवणाऱ्या साच्याचा दोष नव्हता. बोंडकाला कोरडेपणामुळे मान धरून ठेवत होती. त्याने मानांना आतून वंगणाचे बोट फिरवले आणि बोंडूक सावकाश ओढू लागला. गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला, साठांत दोनच.