जुना शब्द कुणाच्या बाजूचा?
(अकोले तालुक्यातील गावसभेत २६ जानेवारी २००१ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर)



घटना लागू होऊन आज ५१ वर्षं झाली. सकाळी झेंडा झाला, आता कामाचं बोलू.

दोन महिन्यांमागं, २८ नोव्हेंबरला, सुप्रीम कोर्टानं मिलिंद खटल्याचा निकाल दिला. विदर्भातले हलबा-कोष्टी हे 'हलबा' जमातीत धरायचे का, असा वाद होता. पाच न्यायमूर्तींनी सांगितलं : राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात जी नावं आहेत, ती आहेत तशीच वाचा. पुरावे घेऊन कोर्टानं त्यात भर घालायची नाही. यादी बदलायची तर कलम ३४२ प्रमाणं संसदेनंच बदलावी.

आपल्याकडं बऱ्याच जणांना बरं वाटलं. आम्हालाही वाटलं. खोट्या दाखल्यांवर आपल्या पोरांच्या जागा जातात, हे दुखणं जुनं आहे. पण आता काही शिकलेली मंडळी म्हणतात, "सगळी घटना अशीच वाचा. लिहिणाऱ्यांच्या मनात तेव्हा जे होतं तेवढंच धरा." अमेरिकेत असं मानणाऱ्या न्यायाधीशांचा एक पंथच आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण ही वाट आपल्याला कुठं नेते, ते आधी बघू.

१९५० सालीच कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन बिनखटल्याच्या कैदेविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. कलम २१ म्हणतं, कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. गोपालन म्हणाले, ती पद्धत न्यायाचीही पाहिजे. कोर्टानं जुनी टिपणं पाहिली आणि म्हटलं, घटना लिहिणाऱ्यांनी तसे शब्द जाणून टाळले होते. म्हणजे सरकारनं कायदा केला की झालं! हा अर्थ २८ वर्षं चालला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात कोर्टानं मानलं की पद्धत न्याय्यच हवी. १९८५ मध्ये मुंबईच्या फूटपाथवरच्या लोकांच्या खटल्यात कोर्ट म्हणालं, जीवितात पोट भरायचं साधनही येतं. झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. पावसाळा संपेपर्यंतची मुदत तेवढी मिळाली. वाक्य मिळालं, जागा नाही मिळाली. तरी ते वाक्य जंगलाच्या कसणुकीवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कामाचं आहे. नुसती जुनी टिपणं चाळत बसलो असतो, तर तेही मिळालं नसतं.

आणि लिहिणारे तरी कोण? नेहरू ऑगस्ट १९४२ पासून अडीच वर्षांहून जास्त आपल्याच नगरच्या किल्ल्यात बिनखटल्याचे कैदी होते. त्यांच्यासारखी माणसं घटना समितीत बसली, आणि तरीही बिनखटल्याची कैद कलम २२ मध्ये राहिली. मोठी माणसं होती, पण चुकत नव्हती असं नाही. ती समिती प्रांतांच्या विधानसभांनी निवडली, आणि त्या विधानसभांना मत होतं ते जमीन, कर, शिक्षण असणाऱ्यांना. आपल्या आज्या-आज्यांना कुणी विचारलं होतं? समितीत जयपालसिंग मुंडा आपल्या बाजूनं बोलले. लोकशाही आदिवासींना शिकवू नका, त्यांच्याकडून शिका, असं त्यांनी डिसेंबर १९४६ मध्येच ऐकवलं. 'आदिवासी' हाच शब्द ठेवा, हेही त्यांचं मागणं. घटनेत आला 'अनुसूचित जमाती'. मग मनातलं धरायचं ते कुणाच्या?

आता समता खटला. आंध्रात अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीन खाणींसाठी खाजगी कंपन्यांना भाड्यानं दिली होती. तिथला नियम सांगतो, आदिवासीशिवाय दुसऱ्या कुणाला कोणत्याही 'व्यक्ती'नं जमीन देऊ नये. सरकार म्हणालं, आम्ही कुठं 'व्यक्ती' आहोत? ११ जुलै १९९७ ला कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं ठरवलं, सरकारही त्यात येतं. कारण त्यांनी विचारलं, पाचवी अनुसूची आणि हा नियम कशासाठी आहे? आदिवासींची जमीन आदिवासींकडं राहावी म्हणून. मग सरकारच्याच हातून ती निसटू कशी द्यायची? एका न्यायमूर्तींना हे पटलं नाही. म्हणजे एका शब्दावर, एका मतानं आपण वाचलो.

तेव्हा आमचं म्हणणं इतकंच. यादी कुणी बदलायची हे जिथं घटनेत स्वच्छ लिहिलंय, तिथं अक्षर धरा. जिथं शब्दाला दोन वाटा फुटतात, तिथं विचारा : हे कलम कुणाच्या रक्षणासाठी आलं? नुसतं 'जुनं' म्हणून कुठलाच अर्थ डोक्यावर घेऊ नका.

हे आजच का सांगायचं? घटनेच्या फेरविचारासाठी गेल्या वर्षी केंद्रानं आयोग नेमलाय. समताचा निकाल निष्प्रभ व्हावा म्हणून पाचवी अनुसूचीच बदलावी, असा विचार दिल्लीत खाण खात्यात झालाय. कोर्टात जिंकलेला शब्द संसदेत पुसता येतो. आपल्या तालुक्याचा डोंगरपट्टा याच अनुसूचीत आहे.

म्हणून गावोगाव ग्रामसभा बोलवा. १९९६ च्या पेसा कायद्यानं आपल्या रूढी आणि साधनसंपत्ती जपायला ग्रामसभा समर्थ मानली आहे. 'पाचव्या अनुसूचीला हात लावू नका' असा ठराव करा, सह्या-अंगठे घ्या, एक प्रत आयोगाला धाडा, एक गावात ठेवा. म्हाताऱ्यांना विचारून कुठली जमीन कोण कधीपासून कसतं, कुठलं रान कुणाचं, हेही लिहून काढा. १९५० ला आपलं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही. आता आपणच लिहू.

जल-जंगल-जमीन आमच्या हक्काची!