गळाला टूना, हाती मुंडकं

बहामातल्या बिमिनी बेटालगत गल्फ स्ट्रीमचा कोमट प्रवाह वाहतो. १९३५ साली लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे ‘पिलार’ बोटीतून तिकडे मोठे मासे धरायला निघाला. वाटेतच गळाला लागलेल्या शार्कवर पिस्तूल झाडताना गोळीचे तुकडे घुसले त्याच्याच पायांत! मलमपट्टी झाली, काही दिवसांत स्वारी पुन्हा समुद्रावर.

तिथली खरी डोकेदुखी वेगळीच. गळाला लागलेला टूना झुंजून थकला, की त्याच्या धडपडीने, रक्ताच्या वासाने शार्क धावून येत. बोटीशी पोचेपर्यंत उरे नुसतं मुंडकं. हेमिंग्वेचा उपाय धसमुसळा, पण बिनतोड: माशाला क्षणाची उसंत द्यायची नाही, शार्क पोचायच्या आत ओढून घ्यायचा. तसा अखंड टूना त्याने बिमिनीच्या धक्क्यावर आणलाही.