अर्धं चाक रेषेच्या पुढे

(नभोवाणीवरील भाषण)



सकाळचे सात वाजून पन्नास मिनिटं. पुण्यातला एक गजबजलेला चौक. शाळेची घंटा आठला होते आणि स्कूटरवरच्या बाई आठवीला गणित शिकवतात. हिरव्याचा पिवळा झाला. बाईंनी ब्रेक दाबला खरा, पण मनानं त्या चौक ओलांडून गेल्या होत्या. गाडी थांबली ती पांढऱ्या रेषेच्या पुढे, झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर. सिग्नल तोडला नाही, कुणाला धक्का लागला नाही. हिरवा दिवा लागला, बाई निघाल्या, घंटेआधी शाळेत पोचल्या. काही दिवसांनी मोबाइलवर संदेश आला. ई-चलन, दंड पाचशे रुपये.

पुण्यात आणि राज्यातल्या कुठल्याही मोठ्या शहरात रोज घडणारी ही गोष्ट आहे. घरोघरी त्यावर बोलणंही सारखंच होतं. "कुणाचं काय बिघडलं होतं?" हा पहिला प्रश्न. मग कुणी म्हणतं, "भरू नकोस, लोकअदालतीत बघू." कुणी विचारतं, "मामा दिसले नाहीत का तुला?"

पुण्यात वाहतूक पोलिसाला मामा म्हणतात. मामा शिट्टी मारायचे, गाडी बाजूला घ्यायला लावायचे, लायसन मागायचे. मग विनवण्या व्हायच्या, ओळखी सांगितल्या जायच्या, 'अहो, आत्ताच तर लागला सिग्नल' असा वाद व्हायचा. शेवटी पावती फाटायची, नाहीतर फाटायची नाही. 'पावती फाडली' हा शब्दप्रयोग त्या कागदाच्या पुस्तकातून आला. आता फाडायला कागद उरला नाही आणि हुज्जत घालायला समोर माणूसही नाही. खांबावर कॅमेरा असतो, नाहीतर पोलिसाच्या हातात एक यंत्र, आणि त्यात चौकातला एक क्षण गोठलेला असतो.

या बदलामागे कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यातले दंडाचे आकडे वाढले. ज्या चुकांना स्वतंत्र कलम नाही, त्या कलम १७७ खाली येतात. तिथे पहिल्या चुकीला शंभर रुपये दंड होता, तो पाचशे झाला. पुन्हा चूक झाली तर दीड हजार. महाराष्ट्रात त्या वेळी या वाढीला बराच विरोध झाला आणि राज्यानं नवे आकडे लगेच लागू केले नाहीत. ते लागू झाले डिसेंबर २०२१ मध्ये. याच दुरुस्तीनं कलम १३६ अ आणलं आणि कॅमेऱ्याच्या नजरेला कायद्याचा आधार मिळाला.

आपल्या बाईंनी मात्र पैसे भरण्याआधी एक शहाणपणाची गोष्ट केली. संदेशातल्या दुव्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही. ई-चलनाच्या नावानं खोटे संदेश फिरत असतात. व्हॉट्सॲपवर एखादी फाइल येते, ती उघडली की मोबाइलमध्ये भलतंच ॲप शिरतं आणि बँकेतले पैसे जातात. खरं चलन बघायला कुठलीही फाइल उघडावी लागत नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या सरकारी संकेतस्थळावर आपण स्वतः जायचं, पत्ता 'गव्ह डॉट इन'नं संपतो ना ते पाहायचं, गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. चासी नंबर आरसीवर छापलेला असतो. एवढं केलं की गाडीच्या नावावरची सगळी चलनं समोर येतात.

बाईंच्या मोबाइलवर एक नव्हे, दोन चलनांचे संदेश आले होते.

पहिलं उघडलं. फोटोत त्यांची स्कूटर स्पष्ट दिसत होती. नंबर, तारीख, वेळ, चौकाचं नाव, सगळं बरोबर. पुढचं चाक आणि पायाजवळची पाटी रेषेच्या पुढे. बाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि मग त्यांना तो माणूस दिसला. धोतर, टोपी, हातात भाजीची पिशवी. झेब्रावरून येता येता समोर स्कूटर आल्यामुळे आजोबा तिला वळसा घालून पट्ट्यांच्या बाहेर गेले होते, शेजारच्या पदरातल्या बसच्या अगदी तोंडाशी. त्या सकाळी बाई तिथे होत्या, आजोबा हातभर अंतरावरून गेले होते, आणि बाईंना ते आठवतच नव्हते. त्या वेळी त्यांची नजर दिव्यावर होती.

'कुणाचं काय बिघडलं' या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत आहे. थांबायची रेषा झेब्राच्या अलीकडे, थोडं अंतर राखून का आखतात? एक कारण कुणालाही कळण्यासारखं आहे: चालणाऱ्याला मोकळी वाट हवी. दुसरं कारण चटकन लक्षात येत नाही. पहिल्या पदरातली गाडी झेब्रावर उभी राहिली की तिच्यापुढून येणारा माणूस दुसऱ्या पदरातल्या चालकाला दिसत नाही. तो एकदम गाडीच्या आडून बाहेर येतो. ताशी ३६ किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात १० मीटर पुढे जाते. ब्रेककडे पाय जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. रेषेपुढचं ते मोकळं अंतर म्हणजे चालणारा आणि गाडीवाला यांनी एकमेकांना बघण्याची जागा. बाईंच्या स्कूटरनं त्या सकाळी नेमकी तीच अडवली होती.

आणि चालणाऱ्याचा वेग किती? रस्त्याचा एक पदर साधारण साडेतीन मीटरचा धरतात. चार पदरांचा रस्ता म्हणजे १४ मीटर. सेकंदाला मीटरभर चालणाऱ्या आजोबांना तो ओलांडायला १४ सेकंद लागतात, तेही वाटेत कुणी आडवं आलं नाही तर. गाड्यांचे वळसे घालत जायचं म्हटलं की पलीकडे पोचायच्या आत दिवा बदलतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक माणूस असा, की ज्याच्या हाती ना स्टिअरिंग होतं ना हँडल. हे सगळे मृत्यू झेब्रावर झाले असं नाही. पण पायी चालणाऱ्याला रस्त्यावर हक्काची म्हणून जी थोडी जागा मिळते, त्यात हे पांढरे पट्टे आहेत. तिथेही गाड्या उभ्या राहिल्या तर त्यानं जायचं कुठून?

इथेच कायद्यातला एक भेद सांगायला हवा. रेषेच्या पुढे थांबणं ही किरकोळ चूक. पण तांबडा दिवा लागल्यावर चौक ओलांडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात येतं. उलट दिशेनं गाडी घालणं, चालवताना मोबाइल हातात धरणं, हेही त्याच कलमात. कलमातली शिक्षा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. पिवळा दिवा बघून ब्रेक दाबायचा की ॲक्सिलरेटर पिळायचा, एवढ्याच क्षणभराच्या निर्णयानं चूक एका कलमातून दुसऱ्यात जाते. बाईंनी ब्रेक दाबला हे चांगलंच झालं. तो दोन सेकंद आधी दाबला असता तर आजोबा सरळ गेले असते.

बाईंनी पाचशे रुपये त्याच रात्री भरले.

आता दुसरं चलन. ते पाहून बाई थक्क झाल्या. गाडी त्यांची जुनी मोपेड, तीन वर्षांपूर्वी विकलेली. फोटोत तिच्यावर तीन तरुण, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, शहरही वेगळंच. विकताना ओळखीतल्या माणसानं पैसे दिले, चावी नेली, 'कागद मी करून घेतो' म्हणाला, आणि विषय तिथेच राहिला. आरटीओच्या दप्तरात मोपेड अजून बाईंच्याच नावावर होती.

ही अडचण घरोघरी आहे. कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० असतात. आपल्याकडे माणसं गाडीचा सौदा पक्का करताना टायर दाबून पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, आणि या दोन कागदांकडे डोळेझाक करतात. चलन गाडीच्या नंबरावर निघतं. ते ज्याच्या नावावर नंबर, त्याच्या दारात जातं. उद्या त्या मोपेडनं कुणाला उडवलं, तर प्रश्न पाचशे रुपयांचा राहणार नाही, हे लक्षात आलं आणि बाईंनी दुसऱ्याच दिवशी घेणाऱ्याला गाठून कागद हलवले.

कधी चूक आपली मुळीच नसते. दुसऱ्या कुणी आपला नंबर स्वतःच्या गाडीवर लावलेला असतो. कधी पाटीवरचा आकडा चुकीचा वाचला जातो. नंबर प्लेटवरचे आकडे वळवून 'दादा' नाहीतर 'राम' लिहिण्याची हौस आपल्याला माहीतच आहे. त्या हौसेपायी भलत्याच माणसाला चलन जाऊ शकतं. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही एकसारखी, छेडछाड न करता येणारी नंबर प्लेट बसवून घ्यायला सरकारनं सांगितलं, त्याचं एक कारण हेही आहे.

चलन चुकीचं असेल तर गप्प बसू नये आणि मुकाट्यानं भरूही नये. कॅमेऱ्याच्या चलनासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७ अ हा नियम आला. त्यानुसार घटनेपासून १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवायची असते. तिच्यात चूक आणि नंबर दाखवणारा फोटो हवा, तारीख, वेळ, ठिकाण हवं, कुठलं कलम मोडलं तेही हवं. चलनाचा निकाल लागेपर्यंत हा पुरावा जपून ठेवायचा असतो. म्हणून फोटो पाहण्याचा आग्रह धरावा. गाडीचा रंग, मॉडेल, जागा ताडून पाहावी. न पटल्यास वाहतूक पोलिसांकडे तक्रार करण्याची सोय आहे, आणि त्यानंही भागलं नाही तर कोर्ट आहे. वाहतुकीच्या चलनांसाठी २०२० साली नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला आभासी न्यायालय सुरू झालं. तिथे घरबसल्या चूक मान्य करून दंड भरता येतो, किंवा 'मला मान्य नाही' असंही सांगता येतं. मग प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं.

लोकअदालतीबद्दलही एक शब्द. थकलेली चलनं तिथे तडजोडीनं मिटतात आणि अडचणीतल्या माणसाला तिचा खरा आधार होतो. पण तोवर थांबायचंच, असं ठरवून चलनांचा ढीग साचू देणाऱ्याचं एक नुकसान होतं. तो फोटो उघडून बघतच नाही. आपण कुठे उभे होतो आणि आपल्यापुढून कोण चाललं होतं, हे त्याला कळतच नाही.

आता राहिली दुसरी बाजू. पहिल्या चलनाचा फोटो बघताना बाईंना आणखी एक गोष्ट दिसली होती. थांबायची रेषा निम्मी पुसली गेली होती. पावसाळा, खोदकाम, वरून ओतलेलं डांबर, यांत पट्टे दिसेनासे होतात. जी रेषा दिसत नाही तिच्यासाठी दंड मागायचा, हे न्यायाला धरून नाही. कायद्यानंही रस्त्याच्या मालकाला मोकळं सोडलेलं नाही. त्याच २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८ अ आणलं. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल ठरलेल्या सुरक्षा निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीवाल्याच्या पाचशे रुपयांची जेवढी चर्चा होते, तेवढीच या कलमाचीही व्हायला हवी.

बाईंनी महापालिकेला अर्ज लिहिला, सोबत तोच फोटो जोडला. आपली चूक त्यांनी लपवली नाही. दंड भरल्याची पावती दाखवली, आणि रेषा पुन्हा आखून मागितली. आठवीच्या मुलांनी खाली सह्या केल्या, कारण त्यांतली बरीच जण तोच चौक चालत ओलांडून शाळेत येतात.

पट्टे आखायचं काम रात्री उशिरा नाहीतर पहाटे चालतं, रहदारी नसताना. दोघं जण खडू लावलेली दोरी ताणून डांबरावर सरळ खूण पाडतात. गाडीवरच्या भांड्यात पांढरा थर वितळत असतो, १८० अंशांच्या वर तापलेला. एक जण तो छोट्या ढकलगाडीतून पट्टीसारखा ओढत नेतो, मागोमाग दुसरा त्यावर काचेचे बारीक मणी पेरतो. रात्री दिव्याच्या झोतात रेषा चमकते ती या मण्यांमुळे. थर काही मिनिटांत घट्ट होतो. मग रस्त्यावरचे शंकू उचलले जातात, आणि पहाटेच्या अंधारात त्या कोऱ्या पट्ट्यांवर पहिलं पाऊल पडतं ते सायकल हातात धरून पलीकडे निघालेल्या पेपरवाल्या पोराचं.